बल्ब जातो, कंडेन्सर फुगतो, तपासणीत मात्र ‘सगळं ठीक’! तारेतला न दिसणारा गोंगाट मोजायचा कसा?

आदिलाबाद : जैनथ-बेला असो, की पैनगंगेपलीकडचं पांढरकवडा, विजेच्या तक्रारी सारख्याच. नवा एलईडी बल्ब चार महिन्यांत जातो. मोबाईल चार्जिंगला लावला की स्क्रीन आपोआप उड्या मारते. मोटारीचा कंडेन्सर फुगतो. लाईनमन येतो, व्होल्टेज बघतो, २३० च्या आसपास दिसलं की ‘सगळं ठीक आहे’ म्हणून निघून जातो.

यात दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं. त्याच्या हातातलं यंत्र जे मोजतं, ते खरंच ठीक असू शकतं. प्रश्न आहे तो, ते यंत्र काय मोजत नाही याचा. विजेच्या तारेतून हल्ली आणखी एक गोष्ट वाहते. तिला अभ्यासक ‘सुप्राहार्मोनिक’ म्हणतात. सोप्या भाषेत, तारेतला बारीक गोंगाट. तो कुठून येतो, कुणाला त्रास देतो आणि मोजायला इतका अवघड का आहे, ते समजून घेऊ. कारण जे मोजलं जात नाही, त्याची तक्रार कोणतंच करंट ऑफिस लिहून घेत नाही, ना इकडचं ना तिकडचं.

मूळ लाट एक, तिच्यावर लहरी अनेक

गोदावरीकाठच्या रामगुंडमला एनटीपीसीचं जनित्र मिनिटाला ३,००० फेरे मारतं. त्यातून सेकंदाला ५० वेळा वर-खाली होणारी गुळगुळीत लाट निघते. हीच आपली ५० हर्ट्झची वीज. जुना पिवळा बल्ब किंवा हीटर या लाटेला धक्का लावत नाही. व्होल्टेज जसं वाढेल तसा करंट घेतो, उतरेल तसा सोडतो.

एलईडी, टीव्ही, चार्जर यांचं तसं नाही. ते लाटेच्या माथ्यावरच करंटचा घोट घेतात आणि बाकी वेळ गप्प बसतात. अशा तुटक घोटांमुळं मूळ लाटेवर १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या लहरी चढतात. ५० च्या पटीत येणाऱ्या या लहरी म्हणजे हार्मोनिक. त्यातली १५० हर्ट्झची तिसरी लहर खोडकर. तीन फेजमधला साधा करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना बराचसा मारून टाकतो, पण तिसरी लहर तिथं बेरीज होऊन येते. तिन्ही फेजवर सारखा लोड असूनही न्यूट्रल तापते, त्यामागं हे एक कारण असतं.

भद्रावतीची जुनी ओळख

हार्मोनिक आपल्या सीमाभागाला नवे नाहीत. ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत दक्षिणेचा वीजग्रीड उर्वरित देशापासून वेगळा चालायचा. दोन्हीकडं ५० हर्ट्झच, पण पावलं जुळलेली नव्हती, त्यामुळं तार थेट जोडता येत नव्हती. त्या दिवशी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि देश एका तालावर आला.

त्याआधी महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र यांच्यात वीज जायची ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या केंद्रातून. पॉवरग्रिडचं हे १,००० मेगावॅटचं केंद्र १९९७-९८ मध्ये उभं राहिलं. इकडची एसी वीज तिथं डीसी होते, लगेच पुन्हा एसी होते आणि रामगुंडमच्या दिशेनं ४०० केव्हीच्या तारांवर चढते. दोन ग्रीडमधला हा जणू दुभाषा.

असं एसीचं डीसी करताना लाटेचे तुकडे पडतात, म्हणजे हार्मोनिक आलेच. पण भद्रावतीच्या पद्धतीत ते कुठं येणार हे आधीच माहीत असतं : ११ वी, १३ वी, मग २३ वी आणि २५ वी लहर. म्हणजे ५५०, ६५०, १,१५० आणि १,२५० हर्ट्झ. शत्रू ओळखीचा असला की बंदोबस्त सोपा. केंद्राच्या आवारातच नेमक्या त्या लहरी गिळणारे फिल्टर बसवलेले असतात.

जुन्या हार्मोनिकची गोष्ट ही अशी आहे : मोठी यंत्रं, मोजकी ठिकाणं, ठरलेल्या लहरी. नव्या गोंगाटाचं सगळंच उलटं.

नवा गोंगाट : छोटी यंत्रं, लाखो ठिकाणं

भद्रावतीतला स्विच ग्रीडच्या तालावर, एका फेऱ्यात एकदा चालू होतो. आजच्या उपकरणातला इवलासा स्विच स्वतःच्या घड्याळावर चालतो, तोही सेकंदाला हजारो वेळा. छपरावरच्या सोलरचा इन्व्हर्टर साधारण १६ ते २० हजार वेळा. इंडक्शनची शेगडी २० ते ५० हजार वेळा. जिनिंगमध्ये मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह २ ते १६ हजार वेळा. एलईडीचा ड्रायव्हर आणि इ-बाईकचा चार्जर याच जातीचे.

इतक्या वेगानं उघडझाप केली की थोडा करंट त्याच वेगानं तारेत मागं फिरतो. २ ते १५० किलोहर्ट्झमधल्या या लहरी म्हणजे सुप्राहार्मोनिक. त्या ५० च्या पटीत असतीलच असं नाही, आणि उपकरण गरम झालं, लोड बदलला की जागाही बदलतात. म्हणून भद्रावतीसारखा ‘या लहरीला हा फिल्टर’ असा इलाज इथं चालत नाही.

रामगुंडमचंच बघा. तिथं फिरत्या जनित्रांच्या शेजारी, जलाशयावर तरंगणारा १०० मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०२२ मध्ये पूर्ण झाला. तिथं फिरणारं काही नाही. सगळी वीज इन्व्हर्टरमधून, म्हणजे स्विचमधून येते. स्वच्छ ऊर्जेची ही दिशा योग्यच आहे. पण ग्रीडमध्ये फिरत्या लोखंडाची जागा स्विच घेत आहेत, तेव्हा स्विचचा गोंगाट मोजण्याची सोयही सोबत यायला हवी.

व्होल्टमीटरला का दिसत नाही?

हिशेब करून पाहू. तारेत २३० व्होल्टची मूळ लाट आहे आणि तिच्यावर २० किलोहर्ट्झचा २ व्होल्टचा गोंगाट आहे. या दोघांची बेरीज साधी होत नाही. वर्गांची बेरीज करून मूळ काढावं लागतं. उत्तर येतं २३०.०१ व्होल्ट. म्हणजे उत्तम मीटरही ‘२३०’च दाखवणार.

आता हाच २ व्होल्टचा गोंगाट एका छोट्या, १ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर सोडा. ५० हर्ट्झला हा कंडेन्सर सुमारे ३,१८३ ओहमचा अडथळा करतो, म्हणून २३० व्होल्टला जेमतेम ०.०७ अँपिअर करंट जातो. पण कंडेन्सरचा अडथळा लहरीचा वेग वाढेल तसा घटतो. २० किलोहर्ट्झला तो उरतो फक्त ८ ओहम. त्यामुळं अवघे २ व्होल्ट ०.२५ अँपिअर करंट ढकलतात, २३० व्होल्टच्या सुमारे साडेतीनपट. व्होल्टमीटरला जे दिसतही नाही, ते कंडेन्सरला तापवू शकतं. सगळी मेख इथं आहे.

आवाज कुणाचा, त्रास कुणाला?

साधे हार्मोनिक डीपीपर्यंत जातात आणि वर चढतात. सुप्राहार्मोनिकला लांबचा प्रवास जमत नाही. इतक्या वेगवान लहरीला डीपीची गुंडाळी भिंतीसारखी लागते. मग तो करंट जवळचा सोपा रस्ता धरतो, म्हणजे शेजारच्या उपकरणातला कंडेन्सर.

आता गंमत बघा. चांगल्या कंपनीच्या टीव्ही-चार्जरमध्ये आपला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडाशीच फिल्टरचा कंडेन्सर असतो. स्वस्तातल्या चार्जरमध्ये पैसे वाचवायला तो गाळलेला असतो. म्हणजे गोंगाट करतो स्वस्त चार्जर आणि तो गिळतो शेजारचा चांगला टीव्ही. ज्यानं नियम पाळला, त्याच्याच दारात दुसऱ्याचा कचरा! स्वीडनमधल्या लुलेओ तंत्रज्ञान विद्यापीठात मॅथ बोलेन यांच्या गटानं या देवाणघेवाणीचा बारकाईनं अभ्यास केला आहे. उपकरणाचा स्वतःचा गोंगाट आणि शेजाऱ्याकडून आत आलेला गोंगाट वेगवेगळा धरावा लागतो, हे त्या कामातून पुढं आलं.

म्हणून एकाच घरातलं एकच उपकरण मोजून निकाल देता येत नाही. गल्ली बदलली की आकडा बदलतो.

मोजमाप म्हणजे मार्केट यार्डातला ओलावा

आदिलाबादच्या कापूस उत्पादकाला मोजमापाचं राजकारण शिकवायची गरज नाही. ओलावा ८ टक्के असला तर पूर्ण भाव, त्यावर कपात, १२ च्या वर गेला की सीसीआय कापूस घेत नाही. आणि गाडीत वरच्या थरात मीटर खुपसला तर एक आकडा, मधोमध खुपसला तर दुसरा. कापूस तोच, शेतकरी तोच, पण मोजलं कुठं आणि कसं यावर भाव ठरतो. यार्डातली दरवर्षीची वादावादी यावरूनच.

सुप्राहार्मोनिकचं दुखणं अगदी हेच आहे. अडचणी चार आहेत.

पहिली, वेग. लहर पकडायची तर तिच्या वेगाच्या दुपटीहून जास्त वेळा नोंद घ्यावी लागते. एका फेऱ्यात २५६ नोंदी घेणारा पॉवर क्वालिटी अॅनालायझर सेकंदाला १२,८०० नोंदी घेतो. जुन्या हार्मोनिकला त्या पुरतात. १५० किलोहर्ट्झ बघायचं तर सेकंदाला ३ लाखांहून जास्त नोंदी हव्यात, प्रत्यक्षात १० लाखांच्या घरात घेतात. आणि त्याआधी ५० हर्ट्झची अजस्र लाट फिल्टरनं बाजूला सारावी लागते. नाहीतर ढोल-ताशात मुंगीची पावलं ऐकण्यासारखं होतं.

दुसरी, साठवण. सेकंदाला १० लाख नोंदी आणि प्रत्येकीला २ बाईट धरले, तर एका तारेची १० मिनिटांची माहिती होते १.२ जीबी. दिवसाला १७० जीबीच्या वर! इतकं कोण ठेवणार? म्हणून लहरींचे २०० हर्ट्झचे कप्पे करतात. ९ ते १५० किलोहर्ट्झमध्ये असे ७०५ कप्पे होतात, आणि प्रत्येकाचा फक्त कमाल, किमान, सरासरी आकडा ठेवतात.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी : पद्धतीवरच एकमत नाही. हा गोंगाट सलग नसतो. २० मिलिसेकंदांच्या एका फेऱ्यातही तो ठरावीक क्षणी उसळतो आणि पुढच्या क्षणी शांत होतो. सरासरी काढली तर उसळी हरवते, कमाल घेतली तर फुगवून सांगितल्यासारखं होतं. रेडिओला त्रास होऊ नये म्हणून जुन्या काळी बनवलेली सीआयएसपीआर १६ ही पद्धत आहे, पण तिचा पारंपरिक रिसीव्हर एका वेळी एकाच जागी कान लावतो. तो पुढं सरकेपर्यंत मागचं उपकरण बंद झालेलं असतं. वीजगुणवत्ता मोजण्याच्या आयईसी ६१०००-४-३० या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत आणखी एक पद्धत सुचवली आहे. ती २०० मिलिसेकंदांत अर्ध्या मिलिसेकंदाचे ३२ तुकडे उचलते. म्हणजे २०० पैकी १६ मिलिसेकंद, फक्त ८ टक्के वेळ. गाडीत ३२ ठिकाणी मीटर खुपसलं, उरलेला कापूस पाहिलाच नाही, असं. त्यामुळं एकाच सॉकेटवर दोन पद्धती दोन आकडे देतात, आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर असतात.

चौथी, वरच्या लाईनची. ११ किंवा ३३ केव्हीच्या तारेला मीटर थेट लावता येत नाही. मध्ये सीटी-पीटी लागतात. ते ५० हर्ट्झसाठी घडवलेले. काही किलोहर्ट्झच्या पुढं पीटी स्वतःच घुमायला लागतो आणि आकडा भलताच वर किंवा खाली जातो. म्हणजे सबस्टेशनमध्ये महागडं अॅनालायझर बसवलं, तरी त्याच्या तोंडाशी पोचणारी लाटच खरी नसते. तिथं वेगळे सेन्सर लागतात.

कायदा कुठवर पोचतो?

केंद्रीय वीज प्राधिकरणाचे ग्रीड-जोडणीचे तांत्रिक नियम २००७ चे. २०१९ च्या दुरुस्तीनं हार्मोनिकच्या मर्यादा आयईईई ५१९ या मानकाला बांधल्या आणि घाऊक ग्राहकांनी पॉवर क्वालिटी मीटर बसवून माहिती वितरण कंपनीला द्यावी, असं सांगितलं. त्या मानकाप्रमाणं ११ आणि ३३ केव्हीवर व्होल्टेजमधली एकूण विकृती ५ टक्के आणि कुठलीही एक लहर ३ टक्क्यांच्या आत हवी. घरगुती लाईनवर हेच आकडे ८ आणि ५ टक्के. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगानं २०२१ च्या पुरवठा संहितेच्या नावातच ‘वीजगुणवत्ता’ हा शब्द घातला.

पण हा हिशेब सहसा ५० व्या लहरीला थांबतो. ५० गुणिले ५०, म्हणजे २,५०० हर्ट्झ. इन्व्हर्टर-शेगडीचा गोंगाट सुरूच होतो त्याच्या पुढं. आंतरराष्ट्रीय पातळीवर आयईसीनं २०१७ आणि २०१८ च्या दुरुस्त्यांत १५० किलोहर्ट्झपर्यंतच्या सुसंगततेच्या पातळ्या दिल्या. त्या दिशादर्शक आहेत. आपल्या गल्लीतल्या वितरण कंपनीला जाब विचारण्याचं हत्यार नाहीत.

बिलाचं काय?

या गोंगाटानं मीटर चुकू शकतं का? प्रयोगशाळेत चुकलं आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठानं २०१७ मध्ये जाहीर केलेल्या चाचण्यांत ९ इलेक्ट्रॉनिक मीटरपैकी ५ मीटरनी खऱ्यापेक्षा जास्त रीडिंग दिलं, एकानं तर ५८२ टक्के जास्त. २ मीटरनी सुमारे ३० टक्के कमी दाखवलं. डिमरवर चालणारे एलईडी आणि सीएफएल करंट फार झटक्यात ओढत होते. रोगोव्स्की नावाची गुंडाळी वापरणारे मीटर अशा झटक्यांना विशेष बळी पडले, कारण ही गुंडाळी करंटपेक्षा करंट किती वेगानं बदलतो ते पकडते.

मात्र याचा अर्थ ‘आपलं बिल वाढलं ते यामुळंच’ असा काढू नका. त्या मुद्दाम बिघडवलेल्या स्थितीतल्या चाचण्या होत्या, आणि मीटर कमीही दाखवतं हेही त्यातच दिसलं. तेलंगणात शेतीची वीज मोफत, बहुतेक पंपांना मीटरच नाही. महाराष्ट्रातही २०२४ पासून ७.५ हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना बिलमाफी आहे. शेतात प्रश्न बिलाचा नाही. तो मोटार आणि कंडेन्सरचा आहे. बिलाचा प्रश्न घर, दुकान आणि जिनिंगचा.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी, नेहमीचे चोर तपासा. आपल्या गावांत बल्ब आणि मोटारी जळण्यामागं बहुतेक वेळा लो व्होल्टेज, ढिली न्यूट्रल, एक फेज गेलेली लाईन किंवा नसलेलं अर्थिंग असतं. ढिल्या न्यूट्रलनं २३० चं ३०० झालं, तर बल्ब जायला सुप्राहार्मोनिकची गरज नाही. हे साध्या मीटरनं दिसतं, दुरुस्तही होतं. ते तपासल्याशिवाय ‘गोंगाट’ म्हणणं म्हणजे ताप बघायच्या आधीच मोठ्या आजाराचं नाव घेणं.

नोंद ठेवा. बल्ब कधी लुकलुकतो, स्क्रीन कधी उड्या मारते, तेव्हा शेजारी काय चालू होतं, तारीख-वेळ वहीत लिहा. एकदा आपला मेन स्विच बंद करून फोनचा खेळ बॅटरीवर थांबतो का, चार्जर बदलल्यावर थांबतो का, पाहा. बऱ्याचदा दोषी आपलाच शंभर रुपयांचा चार्जर निघतो.

जुना मीडियम वेव्ह रेडिओ घरात असेल, तर तो स्टेशन नसलेल्या जागी लावून बल्बजवळ, इन्व्हर्टरजवळ न्या. करकर वाढली तर गोंगाट आहे. पण मीडियम वेव्ह सुरूच होतो ५०० किलोहर्ट्झच्या पुढं, म्हणून हा फक्त सुगावा आहे, मोजमाप नाही. तक्रारीत पुरावा म्हणून तो चालणार नाही.

इलेक्ट्रिशियनला ‘ट्रू आरएमएस’ टोंग टेस्टर आहे का विचारा. साधा टेस्टर एलईडी-कॉम्प्युटरचा तुटक करंट बराच कमी दाखवतो. न्यूट्रलचा करंट खऱ्या अर्थानं बघायचा तर हाच हवा.

पाच हॉर्सपॉवरच्या पंपाला २ केव्हीएआरचा कंडेन्सर लावायला सांगतात, तो लावाच. पण त्याच डीपीवर मोठा ड्राइव्ह किंवा सोलर इन्व्हर्टर असेल आणि कंडेन्सर वारंवार फुगत असेल, तर ती माहिती तक्रारीत लिहा. जिनिंगवाल्यांनी ड्राइव्ह घेतानाच फिल्टरसकट घ्यावा. कंडेन्सर बँकेसोबत लावतात तो ७ टक्क्यांचा रिअॅक्टर पाचव्या-सातव्या लहरीपासून वाचवतो, पण किलोहर्ट्झच्या गोंगाटाचा इलाज म्हणून तो बनवलेला नाही.

मीटरवर संशय असेल तर कायदा दोन्ही राज्यांत एकच आहे. केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार तक्रारीनंतर ३० दिवसांत मीटर तपासायला हवं. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनं आणखी एक सोय दिली : रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली, तर वितरण कंपनीनं ५ दिवसांत दुसरं मीटर जोडून किमान ३ महिने वापर ताडून पाहायचा. हनमकोंड्याची एनपीडीसीएल असो की महावितरण, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. सुटलं नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच दोन्हीकडं आहे.

हे दुसरं मीटरही गोंगाट मोजणार नाही, हे खरं. पण दोन वेगळ्या बनावटीची मीटरं एकाच तारेवर तीन महिने वेगळं बोलली, तर काहीतरी आहे याची ती पहिली लेखी नोंद ठरेल. मार्केट यार्डात ओलाव्याचं मीटर सगळ्यांसमोर ठेवा, ही मागणीही आधी कुणीतरी अर्जातच लिहिली असेल. सबस्टेशनच्या आणि मोठ्या ग्राहकांच्या पॉवर क्वालिटी मीटरची माहिती गावाला बघायला मिळावी, आणि मर्यादा २,५०० हर्ट्झच्या पुढं सरकावी, ही मागणी आता विजेबद्दल करायची वेळ आली आहे.